डोळ्याच्या पडद्यावरच्या नव्या रक्तवाहिन्या : इंजेक्शनने सुकतात, मग परत का उगवतात?

मांडवीकाठ

‘इंजेक्शननंतर वाहिन्या गेल्या असं डॉक्टरच म्हणाले, मग परत कशाला बोलावतात?’ रेटिना ओपीडीबाहेरच्या बाकड्यावर हा प्रश्न रोज ऐकू येतो. २०२३ साली आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी मधुमेह पाहणीचे आकडे आले, त्यात गोव्यातलं मधुमेहाचं प्रमाण २६.४ टक्के होतं, देशात सगळ्यात जास्त. म्हणजे हा प्रश्न आपल्याकडे वाढतच जाणार. त्याचं नीट उत्तर एका जागी असावं म्हणून हा धागा. जो जे काम करतो त्याने त्याबद्दल लिहावं.

सुरुवात करतो. मधुमेहाने डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या (रेटिनाच्या) केशवाहिन्या बुजत जातात आणि तेवढा भाग प्राणवायूविना उपाशी राहतो. उपाशी पेशी व्हीईजीएफ हे प्रथिन सोडतात. नव्या वाहिन्या फुटण्याचा तो सांगावा असतो. पण या नव्या वाहिन्या रक्त हवं तिथे जातच नाहीत. त्या पडद्याच्या पृष्ठभागावर येतात आणि डोळ्यातल्या जेलीच्या मागच्या पापुद्र्याला धरून वेलीसारख्या पसरतात. भिंत कच्ची, म्हणून झिरपतात आणि जेलीने ओढलं की फुटतात.

इंजेक्शन काय करतं? डोळ्यात साचलेलं व्हीईजीएफ पकडून निकामी करतं. बुजलेल्या केशवाहिन्या काही त्याने उघडत नाहीत. उपासमार तशीच राहते. बुबुळावरच्या (बाहुलीभोवतीच्या रंगीत भागावरच्या) नव्या वाहिन्या एक-दोन दिवसांत फिक्या पडायला लागतात, पडद्यावरच्यांचं झिरपणं आठवड्याभरात बरंच कमी होतं. औषध उतरलं की सांगावा पुन्हा सुरू. कुणाच्या डोळ्यात ४ आठवड्यांनी, कुणाच्या १२.

आणि ‘गेल्या’ हा एकच शब्द आपण तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो, घोळ तिथेच आहे. कोवळी वाहिनी, जिच्याभोवती अजून आधारपेशींचं वेष्टन चढलेलं नाही, ती खरोखर नाहीशी होते. जुनी, वेष्टन चढलेली वाहिनी झिरपायची थांबते, पण दोरा जागेवर राहतो. आणि जिच्याभोवती पांढरं तंतुमय ऊतक धरलंय, तिथे वाहिनी सुकली तरी ते ऊतक इंजेक्शनला दाद देत नाही, उलट आकसतं. त्यावर पुढे लिहीन.

फोंड्याचा लेझरवाला

चांगला धागा, मांडवीबाब. लेझरचा भाग मी घेतो.

लेझर पडद्याच्या कडेकडेच्या भागावर मारतात. मधला बघण्याचा भाग सोडून. प्राणवायू सगळ्यात जास्त खाणाऱ्या पेशी पडद्याच्या बाहेरच्या थरात असतात. त्यातल्या थोड्या जाळल्या की उरलेल्यांना पुरतं, खालच्या कोरॉइड या रक्तवाहिन्यांच्या थरातून आत जास्त प्राणवायू पोचतो आणि व्हीईजीएफ उतरतं. म्हणून परिणाम हळू, पण टिकाऊ. १९७६ साली डायबेटिक रेटिनोपॅथी स्टडीने दाखवलं की या लेझरने दृष्टी फार खालावण्याचा धोका निम्म्याहून जास्त कमी होतो. तो निष्कर्ष आजही उभा आहे.

नेहमीचं माप : पडद्यावर ५०० मायक्रॉनचा ठिपका, १०० मिलिसेकंद, एकूण १२०० ते १६०० ठिपके, २-३ बैठकांत. दोन ठिपक्यांत अर्ध्या ते एका ठिपक्याची जागा. रंग राखाडी-पांढरा हवा. चुन्यासारखा पांढराफेक पडला तर ताकद जास्त झाली.

चुकतं ते दोन ठिकाणी.

पहिलं, लेन्सचा गुणक. वाइडफील्ड काँटॅक्ट लेन्स ठिपका पडद्यावर जवळजवळ दुप्पट मोठा करते. पडद्यावर ५०० हवा असेल तर मशीनवर २००-२५० लावायचा. मशीनवरच ५०० ठेवला तर पडद्यावर हजाराच्या आसपास जातो, म्हणजे क्षेत्रफळ चौपट. दुखतं खूप, आणि कोरॉइडला सूज येऊ शकते.

दुसरं जास्त घातक, कारण ते कुणाच्या लक्षात येत नाही. पॅटर्न लेझरवर एका दाबात अनेक ठिपके पडतात, प्रत्येकी २० मिलिसेकंदांचे. रुग्णाला सोपं जातं. पण हे ठिपके लहान असतात आणि नंतर आणखी आक्रसतात. फाइलवर ‘पीआरपी (कडेचा लेझर) पूर्ण’ असं लिहिलेलं असतं, आत बघावं तर २० मिलिसेकंदांचे १४०० ठिपके. हे पूर्ण नव्हे, निम्मं. पॅटर्नवर २५०० किंवा त्याहून जास्त लागतात. मग वाहिन्या हटल्या नाहीत की ‘लेझर लागू पडला नाही’ म्हणतात. लागू पडायला तो पुरता मारायला तर हवा!

परिणाम ४ ते ६ आठवड्यांनी तपासायचा, पूर्ण उतार यायला ३ महिने लागू शकतात. तोवर वाहिन्या तशाच दिसल्या तर मधल्या मोकळ्या जागा भरायच्या. मात्र झिरपत नसलेला सुका दोरा दिसतोय म्हणून आणखी जाळत बसू नये.

किंमतही सांगायला हवी : कडेची नजर थोडी कमी होते, रात्री अंधुक वाटतं, आणि मधल्या भागात आधीच सूज असेल तर ती वाढते. सूज असेल तर आधी इंजेक्शन, आठवड्याभराने लेझर.

जुवारी पूल

लेझरवाले, थोडा विरोध नोंदवतो. २०१५ ची प्रोटोकॉल एस ही चाचणी बघा. रॅनिबिझुमॅब हे इंजेक्शन लेझरपेक्षा कमी ठरलं नाही. कडेची नजर जास्त वाचली, मधली सूज कमी झाली, शस्त्रक्रियाही कमी लागल्या. सुरुवातीला मधली सूज नसलेल्या डोळ्यांना २ वर्षांत साधारण १० इंजेक्शनं पुरली. २०१७ च्या क्लॅरिटी चाचणीत तर ॲफ्लिबरसेप्ट हे इंजेक्शन वर्षाअखेरीस नजरेच्या बाबतीत लेझरपेक्षा सरस होतं. मग पडदा जाळायची एवढी घाई कशाला?

फोंड्याचा लेझरवाला

आकडे बरोबर आहेत, पण त्याच प्रोटोकॉल एसमध्ये ५ वर्षांच्या तपासणीला दोन-तृतीयांशच रुग्ण उरले होते. त्यांना फोन करून, पाठपुरावा करून बोलावणारी यंत्रणा होती, तरीही. आपल्याकडे चतुर्थीच्या आधी-नंतर पंधरा दिवस ओपीडी रिकामी. पावसात सत्तरीतून किंवा काणकोणहून बांबोळीच्या सरकारी इस्पितळात येणं म्हणजे अख्खा दिवस जातो, सोबतीला घरातला माणूस लागतो तो वेगळाच.

नुसत्या इंजेक्शनवर असलेला रुग्ण सहा महिने गायब झाला तर डोळ्यात कसलंच संरक्षण उरत नाही. लेझर झालेला गायब झाला तर जे झालंय ते टिकून राहतं. २०१९ मध्ये अशाच गायब झालेल्या रुग्णांची तुलना छापून आली होती. नुसत्या इंजेक्शनवाल्यांमध्ये पडदा ओढला जाऊन सुटण्याचं प्रमाण लेझरवाल्यांपेक्षा स्पष्ट जास्त होतं.

म्हणून औषध निवडण्याआधी रुग्णाला एकच विचारावं : पुढच्या वर्षभरात दर महिन्याला येणं जमेल का?

जुवारी पूल

हे मान्य. माझा आग्रह एवढाच की मधली सूज असताना आधी लेझर नको. दोन्ही मिळून करायला माझी हरकत नाही.

काणकोणकर

तारवट्यांचं काय करायचं? आठ-नऊ महिने बोटीवर, तिथे डोळ्यात इंजेक्शन कोण देणार? जॉइनिंग सहा आठवड्यांवर आलंय आणि नव्या वाहिन्या सापडल्या, असं होतं.

मांडवीकाठ

काणकोणकर, हाच रुग्ण नुसत्या इंजेक्शनवर सोडायचा नसतो. सहा आठवड्यांत क्रम असा बसवता येतो. पहिल्या आठवड्यात अँजिओ (रंग घालून वाहिन्यांची तपासणी) आणि ओसीटी (पडद्याच्या थरांचा स्कॅन). ऑप्टिक डिस्कवर (डोळ्याची नस पडद्याला मिळते तिथे) मोठ्या वाहिन्या किंवा मधली सूज असेल तर एक इंजेक्शन. आठवड्याने लेझरची पहिली बैठक, पुढच्या दोन आठवड्यांत उरलेल्या. सहाव्या आठवड्यात पुन्हा तपासणी. तेव्हाही झिरपत असेल तर भर घालायची, आणि जॉइनिंग पुढे ढकलायला स्पष्ट सांगायचं. ते सांगणं अवघड जातं, घर त्या पगारावर चालत असतं. पण समुद्रात रक्तस्राव झाला तर पुढचं बंदर येईपर्यंत काही करता येत नाही.

इथे एक सापळा आहे. इंजेक्शन दिल्यावर सहाव्या आठवड्यातही चित्र छान दिसू शकतं. ते लेझरचं यश की उरलेल्या औषधाचं, हे तेव्हा कळत नाही. म्हणून ठिपक्यांची संख्या आणि पसारा बघून ठरवायचं, नुसतं चित्र बघून नाही.

रात्रीची नजर कमी होऊ शकते हे बोटीच्या ब्रिजवर पहाऱ्याचं काम करणाऱ्याला आधीच सांगावं.

साखरेबद्दलही एक. जॉइनिंगच्या मेडिकलसाठी दोन महिन्यांत साखर एकदम खाली आणतात. बरीच वर्षं चढलेली साखर झपाट्याने उतरवली तर पडद्याचा आजार सुरुवातीला काही महिने बिघडू शकतो. साखर उतरवायचीच, फक्त त्या काळात पडद्याची तपासणी लांबवायची नाही.

ओटी सिस्टर म्हापसा

इंजेक्शनच्या टेबलाजवळच्या गोष्टी लिहिते.

डोळ्यात ०.५ टक्के प्रोपॅराकेनचे थेंब. पापण्या आणि भोवतालची कातडी १० टक्के पोव्हिडोन आयोडीनने, डोळ्याच्या आत मात्र ५ टक्के, आणि ते निदान ९० सेकंद राहू द्यायचं. लोक घाई करतात ती इथे. जंतू मारतं ते आयोडीन, आधी-नंतरचे अँटिबायोटिक थेंब नव्हे. लिडोकेनचं जेल आयोडीनच्या आधी घातलं तर आयोडीन खाली पोचत नाही. आयोडीन आधी जायला हवं.

पापण्या स्पेक्युलमने बाजूला, पापणीचे केस सुईच्या वाटेत नकोत. मास्क सगळ्यांना, रुग्णालाही, आणि त्या मिनिटात कुणी बोलायचं नाही. तोंडातले जंतू फार वाईट संसर्ग करतात. जागा कॅलिपरने मोजायची : मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असेल तर लिंबसपासून (काळा आणि पांढरा भाग मिळतो ती कड) ३.५ मि.मी., नसेल तर ४. सुई ३० गेजची, टोक डोळ्याच्या मध्याकडे. औषध ०.०५ मि.ली., सावकाश. सुई काढताच रुग्णाला बोटं मोजायला लावायची. काहीच दिसत नाही म्हणाला तर डोळ्याचा दाब चढून मुख्य धमनीचा प्रवाह अडलाय का ते तिथल्या तिथे बघायचं.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या बंद करायच्या नाहीत. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन, सगळं चालू. लोक स्वतःहून थांबवून येतात आणि हृदयाचा धोका ओढवून घेतात. नुकताच पक्षाघात किंवा हार्ट ॲटॅक झाला असेल तर मात्र आधी सांगावं. इंजेक्शन पुढे ढकलायचं का ते डॉक्टर ठरवतील. गरोदरपणातही सांगावंच, तेव्हा ही औषधं टाळून लेझरकडे वळतात.

घरी गेल्यावर पहिल्या दिवशी खुपणं, पांढऱ्या भागावर लाल डाग, काळे गोल फुगे तरंगताना दिसणं, हे चालतं. दुसऱ्या ते पाचव्या दिवसात दुखणं वाढत गेलं, लाली वाढली, नजर उतरली तर त्याच दिवशी यायचं, रविवार असला तरी. डोळ्याच्या आतला संसर्ग २-३ हजार इंजेक्शनांत एखादा होतो, पण तिथे तासांचा हिशेब असतो. त्या आठवड्यात समुद्र, नदी, विहिरीत डुंबणं नको.

औषधवाला डिचोली

सिस्टरांच्या पोस्टला जोडून औषधांबद्दल. बेव्हासिझुमॅब स्वस्त का पडतं ते विचारतात. ते मुळात आतड्याच्या कॅन्सरचं औषध, ४ मि.ली. च्या व्हायलमध्ये १०० मि.ग्रॅ. डोळ्याला लागतं १.२५ मि.ग्रॅ., म्हणजे ०.०५ मि.ली. एका व्हायलच्या अनेक सिरींज होतात. २०११ च्या कॅट चाचणीत म्हातारपणाच्या ओल्या मॅक्युला (पडद्याचा मधला भाग) आजारात नजरेच्या बाबतीत ते रॅनिबिझुमॅबच्या बरोबरीचं ठरलं. औषध स्वस्त आहे म्हणजे हलकं आहे असं नाही.

धोका आहे तो विभागणीत. एका व्हायलमध्ये जंतू शिरला की त्या बॅचचे सगळे डोळे धोक्यात. म्हणून विभागणी लॅमिनार फ्लोखाली (गाळलेल्या स्वच्छ हवेच्या झोतात), निर्जंतुक सिरींजमध्ये, प्रत्येकीवर बॅच आणि वेळ. ओपीडीत बाहेर ठेवलेल्या व्हायलमध्ये दिवसभर सुया खुपसणं ही पद्धत नव्हे. कुठल्याही केंद्रात ‘विभागणी कुठे होते?’ असं विचारायचा रुग्णाला हक्क आहे.

साठवण २ ते ८ अंश. गोठवायचं नाही, हलवायचं नाही. ही सगळी प्रथिनं. गोठली किंवा जोरात घुसळली की त्यांच्या गुठळ्या होतात. फ्रीझरच्या कप्प्याला चिकटून ठेवलेली व्हायल गोठते आणि नंतर बघून कळतही नाही. पावसाळ्यात वीज जाते, म्हणून फ्रिजमध्ये किमान-कमाल दाखवणारा थर्मामीटर हवाच. घरून औषध घेऊन जायला सांगितलं असेल तर थंड पिशवीतून न्या, पण बर्फाच्या वडीला टेकवून नको. मध्ये टॉवेलची घडी ठेवा.

बाकी डोस : रॅनिबिझुमॅब ०.५ मि.ग्रॅ., ॲफ्लिबरसेप्ट २ मि.ग्रॅ., फॅरिसिमॅब ६ मि.ग्रॅ., तिन्ही ०.०५ मि.ली. मध्ये. रॅनिबिझुमॅबचं भारतीय बायोसिमिलर, रॅझुमॅब, २०१५ पासून मिळतं. ब्रोलुसिझुमॅबने पडद्याच्या वाहिन्यांना दाह झाल्याच्या नोंदी आहेत, ते देताना जास्त सावध असतात.

दीनदयाळ स्वास्थ्य सेवा (गोवा सरकारची आरोग्य योजना) कार्डावर आपलं पॅकेज बसतं का, हे इंजेक्शनच्या तारखेआधी काउंटरवर विचारून घ्या. त्या दिवशी विचाराल तर फेरी फुकट जाते.

मांडवीकाठ

आता आकसण्याबद्दल. वर तिसरा प्रकार म्हटला होता, पांढरं ऊतक धरलेला. अशा डोळ्यात इंजेक्शन दिलं की वाहिन्या झपाट्याने सुकतात, व्हीईजीएफ कोसळतं, पण तंतू बनवणारी दुसरी प्रथिनं तशीच राहतात. पारडं एकदम तंतूंकडे झुकतं. पट्टे आवळतात आणि पडदा ओढला जातो. सर्जन याला ‘क्रंच’ म्हणतात. हे बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत दिसतं. आधीच ओढ असलेल्या डोळ्यात धोका जास्त.

म्हणून इंजेक्शनआधी पांढरे पट्टे कुठे आहेत ते बघणं आवश्यक. आत रक्त भरलंय आणि पडदा दिसत नाही तेव्हा बी-स्कॅन सोनोग्राफी करायचीच. व्हिट्रेक्टमीआधी (डोळ्यातली जेली काढायची शस्त्रक्रिया) इंजेक्शन मुद्दाम देतात, रक्तस्राव कमी व्हावा म्हणून, पण शस्त्रक्रियेची तारीख पक्की झाल्यावर. काही दिवस आधी, फार तर आठवडा. इंजेक्शन आधी देऊन फिटनेससाठी तीन आठवडे फिरवलं तर आपणच ओढ वाढवलेली असते. ईसीजी, साखर, क्रिएटिनिन, फिजिशियनची सही, हे सगळं आधी.

तरुण पुरुषांत, साखर नसताना, असाच रक्तस्राव दिसला तर ईल्स डिसीजचा विचार हवा. तिथे क्षयाच्या तपासण्या लागतात, आणि तंतू धरलेले असतील तर इंजेक्शनबाबत हीच सावधगिरी.

जुवारी पूल

भर घालतो : बुबुळ. नव्या वाहिन्या बुबुळावर आणि कोनात (डोळ्यातलं पाणी बाहेर जायच्या वाटेत) शिरल्या तर काचबिंदू होतो, आणि तो फार दुखरा असतो. बाहुली मोठी करायचे थेंब घालण्याआधी स्लिट लॅम्पवर बाहुलीची कड बघायची, गोनिओस्कोपीही (कोनाची तपासणी) तेव्हाच. बाहुली पसरली की त्या बारीक वाहिन्या घडीत दडतात. पडद्याची मुख्य शीर बंद झालेल्यांत हे पहिल्या तीनेक महिन्यांत होतं, म्हणून त्यांना दर महिन्याला बघायचं. कोन अजून मोकळा असताना इंजेक्शन आणि पाठोपाठ लेझर दिला तर डोळा वाचतो. कोन चिकटून बंद झाल्यावर वाहिन्या सुकल्या तरी दाब उतरत नाही.

ऑप्टोम मडगाव

सगळं मधुमेहावर चाललंय, म्हाताऱ्यांच्या ओल्या मॅक्युलाचं वेगळं गणित आहे. तिथे नव्या वाहिन्या पडद्याखालून, कोरॉइडमधून येतात. कडेचा लेझर तिथे उपयोगाचा नाही. सुरुवातीला दर महिन्याला एक अशी ३ इंजेक्शनं, मग ओसीटीवर पाणी आहे का बघत अंतर २ किंवा ४ आठवड्यांनी वाढवायचं, १२ ते १६ आठवड्यांपर्यंत. पाणी परत दिसलं की एक पायरी मागे.

‘कोरडा’ म्हणजे वाहिनी गेली असं नाही. ओसीटी-अँजिओवर ती तिथेच दिसते, फक्त झिरपत नाही. वारंवार इंजेक्शनने कोवळ्या फांद्या झडतात आणि जाड खोड राहतं. म्हणून इथे इंजेक्शन ‘संपत’ नाही. पाणी कुठे आहे तेही महत्त्वाचं : पडद्याच्या आतलं वाईट, लगेच आवरायचं. पडद्याखालचं थोडं पाणी काही डोळ्यांत सहन केलं तरी नजर टिकते.

तीन इंजेक्शनांनी हललं नाही तर औषध बदलण्याआधी आयसीजी अँजिओ (कोरॉइडच्या वाहिन्या दाखवणारी तपासणी) करा. आपल्या आशियाई लोकांत पॉलिपॉइडल (वाहिन्यांना फुगे येणारा) प्रकार बराच आढळतो. तिथे फोटोडायनॅमिक (प्रकाशाने जागं होणाऱ्या औषधाचा) उपचार जोडला तर पॉलिप जास्त बंद होतात.

घरी : एक डोळा झाकून, वाचायचा चष्मा लावून, रोज ॲम्स्लर ग्रिड. ती नसेल तर खिडकीचे गज किंवा फरशीच्या रेषा. वाकड्या दिसल्या तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. दोन्ही डोळे उघडे ठेवून बघितलं तर चांगला डोळा वाईट डोळ्याचं झाकून टाकतो.

नवजात कक्ष

अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या पडद्यावरही नव्या वाहिन्या फुटतात (आरओपी), त्यांचंही लिहायला हवं. ३४ आठवड्यांआधी जन्मलेलं किंवा २००० ग्रॅमखालचं बाळ : पडद्याची पहिली तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत. २८ आठवड्यांआधीचं किंवा १२०० ग्रॅमखालचं : दोन-तीन आठवड्यांतच. डिस्चार्ज कार्डावर तारीख लिहिलेली नसेल तर मागून घ्या. सुट्टी मिळाली, वजन वाढतंय, म्हणून ती तारीख चुकते, आणि उपचार लागेल असा टप्पा आला की हातात ४८ ते ७२ तासच असतात.

इंजेक्शन लेझरपेक्षा झटपट काम करतं, विशेषतः आजार पडद्याच्या अगदी मधल्या भागात असेल तर. बेव्हासिझुमॅब प्रौढांच्या निम्मं, ०.६२५ मि.ग्रॅ. पण २०११ च्या बीट-आरओपी चाचणीत लेझरनंतर आजार उलटला तो सरासरी ६ आठवड्यांनी, बेव्हासिझुमॅबनंतर १६ आठवड्यांनी. म्हणजे आईवडील निर्धास्त झाल्यावर. इंजेक्शन झालेल्या बाळाच्या फेऱ्या वाहिन्या कडेपर्यंत पोचल्याचं डॉक्टर सांगेपर्यंत थांबवायच्या नाहीत, घर दोडामार्गला असो की केप्याला.

तारवटी वास्को

मांडवीबाब, सिस्टर, एक विचारतो. इंजेक्शननंतर विमानाने जॉइनिंगला जाता येतं? आणि व्हिट्रेक्टमी झाली असेल तर?

मांडवीकाठ

नुसत्या इंजेक्शननंतर विमानाला अडचण नाही, पण संसर्गाच्या धोक्याचे पहिले पाच दिवस घराजवळ काढलेले बरे.

व्हिट्रेक्टमीत गॅस भरला असेल तर विमान पूर्ण बंद. वर हवेचा दाब कमी झाला की गॅस फुगतो, डोळ्याचा दाब चढतो आणि नजर कायमची जाऊ शकते. एसएफ६ हा गॅस साधारण २-३ आठवडे राहतो, सी३एफ८ ६ ते ८. तारखा मोजून नव्हे, डॉक्टरांनी बुडबुडा पूर्ण गेल्याचं बघून सांगितल्यावरच तिकीट काढा. चोर्ला किंवा आंबोली घाटातून जायचं असेल तरी आधी विचारा, चढावरही दाब बदलतो. सिलिकॉन तेल भरलं असेल तर विमान चालतं, पण ते तेल पुढे काढावं लागतं. त्याची तारीख बोटीच्या कॉन्ट्रॅक्टशी जुळवून घ्या.

गॅस असताना हातातला, गॅसची सूचना लिहिलेला पट्टा काढू नका, आणि दुसऱ्या कुठल्याही ऑपरेशनची वेळ आली तर भूल देणाऱ्याला आधी सांगा : डोळ्यात गॅस आहे, नायट्रस ऑक्साइड नको.